बोरमाळ मोडली, ते एका ओळीत का उरकलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय २८, गंगाखेड तालुक्यात शाळेवर नोकरी, आजवर ९ कथा लिहून झाल्या. त्यातल्या ४ दिवाळी अंकांना पाठवल्या, एक छापून आली, बाकीच्यांची पोचसुद्धा नाही. वाचणारे म्हणतात, "भाषा छान आहे, पण कथा वाटत नाही." तर कमी कुठं पडतंय, अजून वाचन वाढवू का, बोलीत लिहू की प्रमाण मराठीत, आणि शेवट का जमत नाही, असं तुम्ही विचारलंय. सोबत दुष्काळावरची कथा जोडलीय, बाकीच्यांबद्दल थोडक्यात लिहिलंय.

मी प्राध्यापक नाही. परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत, अडत दुकानावर २९ वर्षं मुनीम होतो. त्या काळात आणि नंतर मिळून चाळीसेक कथा छापून आल्या. त्यामुळं सांगणार ते गादीवर बसून कळलेलं, समीक्षेच्या पुस्तकातलं नाही.

कथा दोनदा वाचली. तुमचं पहिलं पान असं आहे: "त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. विहिरी तळाला गेल्या होत्या. बाबा रोज पहाटे उठून शेतात जायचे, आभाळाकडं बघायचे आणि खाली मान घालून परत यायचे. आई चुलीपुढं बसून पदरानं डोळे पुसायची. मी हे सगळं दारातून बघायचे."

जायचे, बघायचे, यायचे, पुसायची, बघायचे. पहिल्या दोन पानांत अशी क्रियापदं मी पेन्सिलीनं गोल करून मोजली, २३ भरली. हे "यचा-यची" फार गोड रूप आहे आपल्या भाषेत. आठवण काढायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण त्यात काही घडत नाही. रोज जायचे म्हणजे नेमक्या कुठल्या दिवशी गेले, ते वाचणाऱ्याला दिसतच नाही. बाबा शेतात "गेले" असं लिहिलं की लगेच प्रश्न उभे राहतात: कधी गेले, कशाला गेले, हातात काय होतं, वाटेत कोण भेटलं? "जायचे" लिहिलं की हे सगळे प्रश्न मिटतात. लिहिणाऱ्याची सुटका होते, म्हणून तर आपण ते लिहितो. मीही लिहायचो. आता कुठलीही कथा झाली की पहिल्या पानावरचे "यचा" मोजतो आणि तीनच्या वर गेले की पान फाडतो.

पुढं चौथ्या पानावर तुमचं एक वाक्य आहे: "शेवटी आईनं मायची बोरमाळ मोडली आणि बियाण्याची सोय झाली." लगेच पुढच्या ओळीत तुम्ही परत आभाळाकडं वळता.

ताई, कथा तिथं होती. चार पानं तुम्ही तिच्या दारापर्यंत चालत गेलात आणि एका ओळीत दारावरून पुढं निघून गेलात.

माझं म्हणणं एकच आहे, बाकी सगळं त्याचाच फुलोरा. विषय घेऊन कथा लिहायला बसू नका, व्यवहार घेऊन बसा. व्यवहार म्हणजे दोन माणसं, मधी एक वस्तू. एकाला ती हवीय, दुसऱ्याला ती देण्याआधी काहीतरी घ्यायचंय. दर वेळी पैसाच असतो असं नाही. माफी असते, परवानगी असते, पोरीचं स्थळ असतं, घागरभर पाणी असतं, नुसता एक निरोप असतो. पण मागणारा आणि देणारा समोरासमोर आले पाहिजेत, आणि मागणाऱ्याला मागणं जड गेलं पाहिजे. दुष्काळ हा विषय झाला. दुष्काळात आईनं बोरमाळ मोडायला नेली, हा व्यवहार झाला.

तुमच्या त्या एका ओळीचा मी एक खर्डा करून बघितला. माहिती ऐकीव आहे, तुमच्या आईला विचारून दुरुस्त करा:

सराफानं बोरमाळ तळहातावर घेऊन दोनदा वरखाली केली.

"लाख भरलेली दिसती, मावशी."

"माझ्या मायची हाय."

"मायची आसू द्या. मणी पोकळ आसतेत, आत लाख आसती. ती वजा करावी लागंल. दोऱ्याचं वजन वजा करावं लागंल."

"किती?"

"एक मणी फोडल्याबिगर कसं सांगू?"

आई काही बोलली नाही. बाहेर कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं, ती चालू होत नव्हती.

"फोडा," आई म्हणाली. मग म्हणाली, "कडंचा फोडा. मधला नका फोडू."

त्यानं कात्रीनं दोरा कापला. मणी पितळी ताटलीत सांडले. त्यानं ते बोटानं ओळीत लावून मोजले. आई ओठ हलवत त्याच्या बरोबरीनं मोजत होती. सत्तावीस. कडेचा मणी त्यानं चिमट्यात धरून दाबला, आतून तांबूस भुगा पडला.

पैसे मोजून झाले तरी आई उठली नाही.

"फुटका मणी माघारी द्या."

"त्यो वजनात धरलाय, मावशी."

"मग दोरा द्या. दोरा तर वजा केलाय की."

सराफानं दोरा दिला. आईनं तो पदराच्या गाठीत बांधला. नोटा माझ्या हातात दिल्या.

यात दुष्काळ हा शब्द नाही, आणि आई रडली नाही. खरं सांगायचं तर माझ्या पहिल्या खर्ड्यात ती रडली होती. सराफाच्या दुकानात बाई रडली की वाचणाऱ्याला कळतं, आता आपल्याला वाईट वाटून घ्यायचंय, आणि तो अंग चोरतो. दुसऱ्या खर्ड्यात ती नुसतीच उठून गेली. तेही पोकळ वाटलं. मग मी लेखकपण बाजूला ठेवलं आणि मुनीम होऊन बघितलं. लाख वजा, दोरा वजा. बरं, जे वजा केलं ते कुणाचं? ज्याचा माल त्याचं. मोंढ्यात बारदाना वजा केला की रिकामं पोतं शेतकरी घेऊन जातो. म्हणजे दोरा तिचा. ही बाई अडाणी असेल, पण हिशोबाला पक्की आहे, आणि मायच्या गळ्यातलं काहीतरी घरी न्यायची तिची धडपड त्या हिशोबातूनच बाहेर पडते. भावनेच्या मागं लागलो तेव्हा दोरा सापडला नव्हता. व्यवहार शेवटपर्यंत नेला तेव्हा सापडला.

म्हणून कथा अडली की मी पात्राच्या मनात काय चाललंय हे विचारत नाही. आता पुढचा हिशोब काय, हे विचारतो. कोण कुणाचं देणं लागतो? कोण आज मोकळ्या हातानं परत जाऊ शकत नाही?

यासाठी कामधंद्याची माहिती लागते आणि ती बसल्या जागी मिळत नाही. माझी एक फजिती सांगतो. पहिल्यावहिल्या कथेत मी नागपंचमीच्या आदल्या दिवशी एका शेतकऱ्याला तुरीची पोती घेऊन मोंढ्यात आणला होता. कथा छापून आली, मी दुकानात सगळ्यांना वाचून दाखवली. आमच्याकडचा एक हमाल, शाळा चौथीपर्यंत, शांतपणे म्हणाला, "मुनीमजी, पंचमीला तूर रानात गुडघ्याएवढी आसती. ही कुठून आणली?" तूर येते पौषात, संक्रांतीच्या आगेमागे. श्रावणात तूर विकणारा शेतकरी असूच शकतो, पण मग तो भाव चढण्याची वाट बघत सात महिने माल दाबून ठेवणारा मोठा शेतकरी असतो, माझा तर अडलेला गरीब होता. महिना चुकला आणि माणूसच बदलला. तेव्हापासून कथा लिहिताना शेजारी पंचांग ठेवतो. मूग-उडीद पोळ्याच्या सुमाराला, सोयाबीन दसरा-दिवाळीत, कापसाची पहिली वेचणी दसऱ्याच्या पुढंमागं, हुरडा थंडीत, ज्वारी काढणीला माघ-फाल्गुन. सालगड्याचं साल पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्यालाच संपतं. कुणाच्या घरात कधी पैसा असतो आणि कधी नसतो, हे या तारखा सांगतात. पैसा कधी नसतो ते कळलं की कुणाला कधी मागावं लागतं ते कळतं.

आता विषयांबद्दल, कारण तुमच्या ९ पैकी ५ कथा "मराठवाड्याचे प्रश्न" या सदरात बसतील अशा आहेत.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, ५ लाख लिटर पाणी होतं. त्या पावसाळ्यात नव्या पोरांनी दाखवायला आणलेल्या कथा मी वाचल्या, बहुतेकांत ती रेल्वे होती. रेल्वे वर्तमानपत्रानं लिहून झालेली होती. टँकरपुढच्या रांगेतली घागर कुणीच लिहिली नाही. रांगेत नंबर माणसाचा नसतो, घागरीचा असतो. रात्री दोनला कुणीतरी आपली घागर दोन जागा पुढं सरकवते. शेजारीण जागी असते, बघते, आणि गप्प बसते, कारण मागच्या महिन्यात पोराच्या तापाला हिच्याकडूनच तीनशे रुपये आणलेले असतात. सकाळी दोघी एकाच टँकरखाली उभ्या. आता बोला, कथा कुठं आहे?

ऊसतोडीचं तसंच. बीडकडं नवरा-बायकोच्या जोडीला "एक कोयता" म्हणतात. दसऱ्याच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेतली की ती फिटेपर्यंत तो कोयता बांधलेला. एक दिवस काम बुडालं तर खाडा पडतो, खाड्याचे पैसे उचलीत चढतात. यावर लिहिणारे सगळे गाडी भरून गाव सोडण्यापासून सुरू करतात आणि कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, लेकरू रडण्यावर येऊन थांबतात. मला एका सकाळची कथा वाचायचीय. बायकोला उठवत नाही. नवऱ्याला ठरवायचंय की मुकादमाला जाऊन सांगायचं की तिला उठवायचं. दोन वाक्यं बोलायचीत त्याला, एक मुकादमाशी, एक बायकोशी. तुम्ही ती दोन वाक्यं ऐकली की झालं.

किल्लारीच्या भूकंपावर तर किती लिहिलं गेलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपलेले, वर माळवदाचं वजन आणि बाजूला दगडमातीच्या जाड भिंती. ते सगळं खरं आहे, पण तिथं पात्राला करण्यासारखं काही उरत नाही, जमीनच सगळं करते. कथा नंतर सुरू होते. नव्या वसाहतीत पक्कं घर मिळालंय आणि सासरा पावसाळ्यातसुद्धा बाहेर पत्र्याखाली झोपतो. सून म्हणते, "लोक मला नावं ठेवतेत, मामा, आत या." तो येत नाही. तिला त्याला आत आणायचंय, आणि आत का येत नाही हे त्याला तिच्यापुढं बोलून दाखवायचं नाही. हा व्यवहारच झाला.

आणि शेतकऱ्याच्या कथेत शेवटी बाप जीव देतो, हे एकदा थांबवा. तुमच्या दोन कथांचा शेवट तोच आहे. ते घडतं, आपल्या गावागावांत घडलंय, म्हणूनच त्याचा उपयोग कथा संपवायला करू नये. लिहिणाऱ्याला पुढं काय हे सुचलं नाही की बाप मरतो, असं वाचताना जाणवतं. ज्या घरात हे झालं त्या घरातली बाई दुसऱ्या दिवसापासून काय करते ते बघा. सरकारी मदत १ लाखाची, त्यात ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, पण त्याआधी प्रकरण "पात्र" ठरावं लागतं. कर्ज कुणाचं होतं, सावकाराचं की बँकेचं, सातबारा कुणाच्या नावावर, याची चौकशी. सातबारा सासऱ्याच्या नावावर असला तर? त्या बाईला आपला नवरा "पात्र" होता हे कागदोपत्री सिद्ध करायला लागतं. हा एक शब्द चार पानांच्या रडण्याला भारी आहे.

कथा कुणाच्या डोळ्यांनी सांगायची, दृष्टिकोन म्हणतात त्याला, त्याबद्दल फार बोललं जातं, मी थोडक्यात आटोपतो. आपल्या पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडं लिहिली ती बघा. स्वतः पंडित माणूस, पण भारुडात कधी जोशी होऊन बोलतो, कधी आंधळा होऊन, कधी सासुरवाशीण होऊन. एका भारुडात एकच माणूस बोलतो आणि त्याला जे दिसतं तेवढंच बोलतो. तुमच्या कथेत "मी" लहान मुलगी आहे. मग सराफाच्या दुकानात तिला काय दिसेल? काउंटर तिच्या हनुवटीला लागतंय. ताटली दिसणार नाही कदाचित, मणी सांडल्याचा आवाज येईल. भाव कळणार नाही. पण किक मारणारा माणूस पूर्ण दिसेल, कारण ती दाराकडं तोंड करून कंटाळून उभी आहे. तिला "आईचा त्याग" दिसणार नाही. तो शब्द २८ वर्षांच्या शिक्षिकेचा आहे, तिनं तो पोरीच्या तोंडात घालू नये. वरच्या माझ्या उताऱ्यात हीच चूक आहे, बघा. पोरगी तिथं असून ताटलीतला मणी न् मणी बघतेय. एक तर तिला स्टुलावर बसवा, नाहीतर मण्यांचा नुसता आवाज ठेवा. मी आवाज ठेवला असता.

बोली की प्रमाण? ही चर्चा आपल्याकडं पन्नास वर्षं चाललीय आणि दोन्ही बाजू हट्टी आहेत. माझा अनुभव असा की निवेदनात प्रमाण मराठी ठेवावी पण बोलण्याच्या अंगानं, म्हणजे "केले-गेले" न लिहिता "केलं-गेलं". आणि संवादात बोली. पण बोली म्हणजे प्रत्येक शब्द मोडणं नव्हे. नवा लिहिणारा "पाणी"चं "पानी", "आणि"चं "आन", "होतं"चं "व्हतं" असं सगळं वाकडं करतो, आणि वाचणारा अडखळत बसतो. बोली कणाकणात नसते, क्रियापदाच्या शेपटीत असते. "पाऊस येतोय" आणि "पाऊस यायलाय" यांत गाव बदलतं. "काय करतोयस" म्हणणारा पुण्याचा, "काय करायलास" म्हणणारा आपला. "तो आला होता"च्या जागी "त्यो आलता". "का?"च्या जागी "कामून?" एवढं सांभाळलं तरी परभणी उभी राहते.

आणि मराठवाडी बोली अशी एकच नाही, हे ध्यानात ठेवा. देगलूर-धर्माबादकडं तेलुगूचा शेजार, उमरगा-निलंग्याकडं कानडीचा, किनवट-माहूरकडं वऱ्हाडीचा वारा, सोयगाव-सिल्लोडकडं खानदेश लागतो. गंगाखेडच्या पात्राला उमरग्याचं बोलायला लावू नका.

शब्दांत तर फसायला फार जागा आहेत. तुमच्या कथेत बाबा "खिशातून रुमाल काढून" घाम पुसतात. आमच्या पिढीला हे वाचून भलतंच चित्र दिसतं. आपल्याकडं रुमाल डोक्याला असतो, खिशात असते ती दस्ती. हैदराबाद संस्थानात होतो आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, त्या राज्याचे असे कितीतरी शब्द अजून घरात आहेत. तुमचे बाबा काय म्हणतात ते त्यांना विचारा, आणि जे म्हणत असतील तेच लिहा. कंत्राटदार म्हणतात की गुत्तेदार, बाजारपेठ म्हणतात की मोंढा. शब्दाच्या शेजारी कंसात अर्थ देत बसू नका. वाक्य नीट असलं तर मुंबईच्या वाचकालाही दस्ती कळते, घाम पुसतात तिनं.

संवादाचं खरं मर्म मात्र शब्दांत नाही, तो आडवळणानं चालतो यात आहे. मोंढ्यात २९ वर्षांत एकाही शेतकऱ्यानं येऊन सरळ "उचल द्या" असं मला म्हटल्याचं आठवत नाही. तो येऊन बसायचा. पाणी मागायचा. कापसाचा भाव विचारायचा, जो त्याला माहीत असायचा. शेठच्या वडिलांच्या गुडघ्याची चौकशी करायचा. माझी पोरगी कितवीला आहे, हे विचारायचा. मग उठायचा, पायरी उतरायचा, एक पाय वहाणेत घालायचा, आणि दुसरी वहाण पायानंच चाचपडत, माझ्याकडं न बघता म्हणायचा, "मुनीमजी, ते जरा बघा की." बस. काय बघायचं ते दोघांना ठाऊक. तुमच्या कथेत बाबा सावकाराला म्हणतात, "मला पेरणीसाठी वीस हजार रुपयांची नितांत गरज आहे, नाहीतर माझं कुटुंब उपाशी मरेल." असं कुणी बोलत नाही. गरज जितकी मोठी तितकं माणूस गुडघ्याच्या दुखण्याबद्दल जास्त बोलतं.

अजून एक हत्यार आपल्या भाषेनं फुकट दिलंय आणि नवे लिहिणारे ते वापरतच नाहीत. तू आणि तुम्ही. माल घेऊन येतो तेव्हा "या पाटील, बसा." पोरीच्या लग्नाला पैसे घेतले, दोन हंगाम फिटले नाहीत, तिसऱ्या वर्षी तोच शेठ म्हणतो, "काय रे, दिसला नाहीस." पाटील बसतोही, चहाही घेतो. काही घडलं नाही आणि सगळं घडलं. हा बदल कथेत कुठं करायचा ते ठरवा, मात्र पात्राला त्याबद्दल विचार करायला लावू नका. "त्याच्या मनाला ते लागलं" असं लिहिलंत की गेलं सगळं.

त्याच्याच जोडीला "म्हणे". "तिनं बोरमाळ मोडली" ही माहिती झाली. "तिनं बोरमाळ मोडली म्हणे" यात सांगणारी बाई, ऐकणारी बाई, मधली भिंत, सगळं आलं. गावाच्या तोंडून कथा सांगायची असेल तर या दोन अक्षरांवर अख्खा डोलारा उभा राहतो.

वाचनाबद्दल विचारलंत. वाचा, पण तुमचं वाचन कमी आहे असं मला वाटत नाही, उलट वाचलेलंच जास्त डोकावतंय. काळजात चर्र होणं, डोळ्यांच्या कडा पाणावणं, आभाळ फाटणं, ही सगळी दुसऱ्यांची भांडी आहेत, घरी परत पाठवा. आवडलेली एक कथा घ्या आणि शाळेत पोरांकडून धडा करून घेता तशी तिची चिरफाड करा. प्रसंग किती, प्रत्येक प्रसंगात कोण काय मागतंय, किती काळ लेखकानं एका ओळीत उडी मारून ओलांडलाय आणि कुठं तो पाच मिनिटांवर दोन पानं थांबलाय. या उड्या आणि थांबे समजले की निम्मी कारागिरी समजली. तुम्ही आभाळावर थांबता आणि सराफावरून उडी मारता, एवढीच तुमची अडचण आहे.

शेवटाबद्दल माझी पद्धत अगदी गावठी आहे. कथा झाली की शेवटचा परिच्छेद हातानं झाकतो आणि वरचा वाचतो. दहापैकी सात वेळा कथा वरच संपलेली असते. खालचा परिच्छेद मी स्वतःला धीर द्यायला लिहिलेला असतो, वाचणाऱ्याला कळलं नाही तर काय या भीतीनं. एकदा एका संपादकानं मला न विचारता शेवटची दीड पानं कापली होती. आठ दिवस मी जेवलो नीट नाही. वर्षभरानं अंक उघडून वाचला तर कापलं तेच बरं होतं, पण त्यानं विचारायला हवं होतं, हे माझं अजून म्हणणं आहे. तुमच्या कथेत व्यवहार पुरा झाला की थांबा. बियाणं आलं, पाऊस पडला, कोंब वर आले, हे सगळं तुमच्या शेवटच्या दोन पानांत आहे. ती दोन्ही पानं काढा. पाऊस आला की नाही, हे न सांगितलेलं बरं.

आणि मोठ्यानं वाचा. मनात नाही, मोठ्यानं, शक्यतो कथा-बिथा न वाचणाऱ्या माणसापुढं. मी हमालांना वाचून दाखवायचो, दुपारी माल कमी असला की. ते चांगलं-वाईट काही सांगत नसत. पण एक जण तंबाखू मळायला लागला की मी तिथं समासात खूण करायचो. घरी येऊन ती जागा बघायची. बहुतेक वेळा तिथं मी स्वतःच बोलत असायचो, पात्र नाही.

आता तुमच्या कथेचं काय करायचं ते सांगतो. सध्याची सात पानं बाजूला ठेवा, फाडू नका, त्यातली चुलीपुढची राख सारवायची ओळ चांगली आहे, ती कुठंतरी लागेल. येत्या सुट्टीत आईजवळ बसा आणि बोरमाळेचं विचारा. "तुला कसं वाटलं" असं विचारू नका, ती "कसं वाटणार बाई" म्हणेल आणि उठून जाईल. विचारा की कोणत्या गावच्या सराफाकडं गेलात, एसटीनं की चालत, सोबत कोण होतं, बाबांना माहीत होतं का, सराफानं किती वजा केलं, पैसे कशात बांधून आणले, परत येताना काही खाल्लं का. बाबांना माहीत नसेल तर तुमच्याकडं एक नाही, दोन व्यवहार आहेत, आणि दुसरा घरी आल्यावरचा आहे. तो पहिल्यापेक्षा अवघड.

तीन-साडेतीन हजार शब्दांत बसवा. दिवाळी अंकांचं काम आषाढ-श्रावणातच सुरू होतं, त्यामुळं शाळा उघडायच्या आत पहिला खर्डा झाला तर दोनदा लिहायला वेळ मिळेल. मला दुसरा खर्डा पाठवा, पहिला नको. आणि आईनं दोरा मागितला होता का, की ती माझीच थाप निघाली, तेवढं मात्र आधी कळवा.